ब्रोकेडचं अ‍ॅडमिन डोमेन: माणसं वेगळी करायला मस्त, फॅब्रिक वेगळं करायला अजिबात नाही

महापे एमआयडीसीत आमची डेटा रूम आहे, ग्रुपमधल्या दोन-तीन कंपन्यांचे सर्व्हर एकाच ठिकाणी, आणि सॅन, म्हणजे सर्व्हरना स्टोरेजशी जोडणारं नेटवर्क, ते पण सगळ्यांचं एकच. ब्रोकेड कंपनीचे ८ जीबीवाले स्विच, फॅब्रिक ए आणि फॅब्रिक बी असे दोन बाजूंना (फॅब्रिक म्हणजे स्विच एकमेकांना जोडून झालेलं एक जाळं), वर दोन स्टोरेज अ‍ॅरे आणि एक टेप लायब्ररी. त्यावर अ‍ॅडमिन डोमेन, म्हणजे एकाच फॅब्रिकचा कारभार वेगवेगळ्या माणसांत वाटून देणारं फीचर, चालू करून आता चांगला वापर झालाय. यावर मराठीत कोणी लिहिलेलं मला तरी सापडलं नाही, आणि रबाळे, ऐरोली, तुर्भे या पट्ट्यात माझ्या ओळखीचे बरेच स्टोरेजवाले अजून हीच जुनी हार्डवेअर सांभाळतायत, म्हणून सविस्तर लिहितेय.

मत आधीच सांगून टाकते. तुमचा प्रॉब्लेम "कोणीही येतो आणि कोणाच्याही झोनला हात लावतो" असा असेल (झोन म्हणजे कुठल्या डिव्हाइसने कुठल्या डिव्हाइसला बघायचं याचा गट) तर हे फीचर खरंच कामाचं आहे, डोळे झाकून चालू करा. पण प्रॉब्लेम "एका कंपनीच्या गडबडीचा दुसरीला त्रास होता कामा नये" असा असेल तर हे घेऊ नका, त्यासाठी हे बनलेलंच नाही. या दोन गोष्टी लोक एकच समजतात आणि मग फीचरला नावं ठेवतात.

आधी आमच्याकडे काय चालायचं ते सांगते, म्हणजे कशासाठी घेतलं ते कळेल. स्विचवर एक अ‍ॅडमिन लॉगिन आणि त्याचा पासवर्ड स्टोरेज टीमला, बॅकअप टीमला, व्हर्च्युअलायझेशनवाल्यांना आणि दुसऱ्या कंपनीच्या आयटीला, सगळ्यांना माहीत. झोनिंगचा डेटाबेस पूर्ण फॅब्रिकचा एकच असतो, इफेक्टिव्ह कॉन्फिग, म्हणजे त्या वेळी लागू असलेला झोनांचा संच, तो पण एकच, म्हणजे कोणी स्वतःचा एक झोन टाकायला आला आणि चुकीचं कॉन्फिग एनेबल केलं तर अख्ख्या डेटा रूमचं स्टोरेज जाऊ शकतं, आणि लॉग बघायला जावं तर तिथे फक्त "अ‍ॅडमिन" एवढंच दिसणार, मग कोणाला विचारायचं? असली टांगती तलवार डोक्यावर घेऊन कोणाला शांत झोप लागेल? मला तरी लागायची नाही.

अ‍ॅडमिन डोमेन म्हणजे एकाच फॅब्रिकच्या वर आखलेल्या हद्दी. फॅब्रिक ओएस, म्हणजे स्विचचं सॉफ्टवेअर, त्याच्या ५.२ मध्ये हे आलं. एडी (म्हणजे अ‍ॅडमिन डोमेन) १ पासून एडी २५४ पर्यंत डोमेन आपण बनवायची, आणि दोन आधीपासून असतात, एडी ० आणि एडी २५५. एडी २५५ म्हणजे पूर्ण फिजिकल फॅब्रिक, तिथून सगळं दिसतं आणि डोमेन बनवायची-मोडायची ती पण तिथूनच. एडी २५५ ला स्वतःचा झोन डेटाबेस नसतो, हे बरेच जण विसरतात आणि तिथे बसून झोन बनवायला बघतात. एडी ० बद्दल खाली वेगळं लिहिलंय कारण सगळी गंमत तिथेच आहे.

प्रत्येक डोमेनला स्वतःचा झोन डेटाबेस मिळतो. दोन डोमेनमध्ये एकाच नावाचे झोन असले तरी भांडण नाही. त्या डोमेनचा माणूस लॉगिन झाला की त्याला नेम सर्व्हरमध्ये, म्हणजे फॅब्रिकला जोडलेल्या डिव्हाइसच्या यादीत, फक्त स्वतःची डिव्हाइस दिसतात, कॉन्फिग शो मारलं की फक्त स्वतःचे झोन. आणि प्रॉम्प्टवर स्विचच्या नावापुढे कुठल्या एडीत बसलोय ते लिहिलेलं असतं, ही साधी गोष्ट पण फार उपयोगाची आहे. आमच्याकडे नवीन आलेला मुलगा एकदा धावत आला, "मॅडम, झोन गेले सगळे, दोनच दिसतायत." म्हटलं, अरे प्रॉम्प्ट वाच आधी. एडी २ मध्ये बसला होता, एडी २ चे झोन दोनच. एडी एक्झेक वापरून २५५ मध्ये एकच कमांड चालवून दाखवली, सगळं जागेवर होतं. तेव्हापासून तो कुठलीही कमांड मारायच्या आधी प्रॉम्प्ट मोठ्याने वाचतो, आणि ही सवय मला आवडते.

आता सुरुवात करताना काय लागतं. व्हर्च्युअल फॅब्रिक (एकाच स्विचचे अनेक वेगळे लॉजिकल स्विच करणारं फीचर) चालू असेल तर अ‍ॅडमिन डोमेन चालत नाही, दोनातलं एकच. आमचे एजचे स्विच ब्रोकेड ३०० आहेत, त्यांना व्हर्च्युअल फॅब्रिकचा सपोर्टच नाही, त्यामुळे आमच्यासाठी हा प्रश्न तिथेच मिटला. दुसरं म्हणजे एडी ० मध्ये डिफॉल्ट झोन नो अ‍ॅक्सेसवर टाकून सेव्ह करावं लागतं, त्याशिवाय पुढे जाताच येत नाही. ही अट मला पटते, कारण ऑल अ‍ॅक्सेस असेल तर झोन नसलेली डिव्हाइस एकमेकांना दिसत राहणार, मग डोमेनच्या हद्दीला अर्थ काय उरला?

आता एडी ०. नीट वाचा कारण लोक इथेच अडकतात.

जे डिव्हाइस तुम्ही कुठल्याच डोमेनमध्ये टाकलेलं नाही ते आपोआप एडी ० चं सभासद असतं. म्हणजे पहिल्या दिवशी सगळंच एडी ० मध्ये आणि सगळे जुने झोन पण एडी ० मध्येच. आता तुम्ही एडी १ बनवलं, त्यात एका सर्व्हरचे एचबीए (सॅनला जोडणारी कार्डं) आणि अ‍ॅरेचे पोर्ट टाकले आणि अप्लाय केलं. त्या क्षणी ती डिव्हाइस एडी ० मधून बाहेर पडली, कारण ती तिथे फक्त "आपोआप" होती. पण त्यांचा झोन मात्र एडी ० च्या डेटाबेसमध्येच राहिला, आणि जे डिव्हाइस डोमेनचं सभासदच नाही त्याच्यासाठी त्या डोमेनचा झोन लागू होत नाही. एडी १ मध्ये अजून झोनच नाही. डिफॉल्ट झोन तर आपणच नो अ‍ॅक्सेस करून ठेवलाय. मग सर्व्हरचं ल्यून, म्हणजे अ‍ॅरेवरून मिळालेली डिस्क, त्या बाजूने गेलं ना!

यावर उपाय सोपा आहे पण क्रम सोडायचा नाही. ज्या डिव्हाइसला हलवायचंय ते आधी एडी ० मध्ये नाव घेऊन टाका, म्हणजे आपोआपचं सभासदत्व पक्कं होतं. मग तेच डिव्हाइस एडी १ मध्ये पण टाका, एक डिव्हाइस एकापेक्षा जास्त डोमेनमध्ये राहू शकतं त्यामुळे अडचण काही नाही. मग एडी १ मध्ये जाऊन झोन बनवा, कॉन्फिगमध्ये टाका, एनेबल करा, सर्व्हरवाल्याला फोन करून सगळे पाथ वर आहेत का ते विचारा. तो "हो" म्हणाला की मगच एडी ० मधला जुना झोन काढा आणि शेवटी डिव्हाइसला एडी ० मधून. आम्ही फॅब्रिक ए वर हे सगळं करून मल्टिपाथिंग, म्हणजे सर्व्हरचे स्टोरेजकडे जाणारे सगळे रस्ते, स्वच्छ दिसेपर्यंत फॅब्रिक बी ला हात लावला नाही, दोन फॅब्रिक असतात ते याचसाठी. डोमेनची माहिती एका फॅब्रिकपुरतीच असते, त्यामुळे बी वर सगळं परत टाइप करावं लागतं, कंटाळवाणं आहे पण चांगलंच आहे.

एडी सेव्ह आणि एडी अप्लाय यातला फरक पण लक्षात ठेवा. सेव्ह म्हणजे फक्त लिहून ठेवलं, लागू झालेलं नाही. अप्लाय म्हणजे फॅब्रिकमधल्या सगळ्या स्विचवर लागू, आणि तो आधी विचारतो, खरंच करू का म्हणून. त्या प्रश्नावर थांबून एडी ट्रान्सशो ने काय बदलतंय ते बघून घ्या, नको असेल तर ट्रान्सअ‍ॅबॉर्टने सोडून देता येतं. मी बदल दिवसा लिहून सेव्ह करते, दुसऱ्या कोणालातरी वाचायला देते, आणि अप्लाय रात्रीच्या चेंज विंडोत.

सभासद कसा टाकायचा यात पण मोठा फरक पडतो आणि हे डॉक्युमेंटमध्ये असलं तरी लोक वाचत नाहीत. डिव्हाइसला त्याच्या डब्ल्यूडब्ल्यूएनने, म्हणजे स्वतःच्या वेगळ्या ओळख क्रमांकाने, टाकलं तर त्या डोमेनच्या माणसाला ते डिव्हाइस दिसतं आणि त्याला झोनमध्ये घेता येतं, केबल कुठेही लावा. पण पोर्टच्या नंबरने, म्हणजे डोमेन आयडी (हा स्विचचा नंबर, अ‍ॅडमिन डोमेनचा नाही) स्वल्पविराम इंडेक्स असं टाकलं, तर त्याला तो पोर्ट बंद-चालू करायचा हक्क पण मिळतो. आणि तिसरा प्रकार म्हणजे अख्खा स्विचच सभासद करणं. हे देताना दहा वेळा विचार करा. स्विच सभासद केला की त्या माणसाला स्विच डिसेबल करता येतो, रीबूट करता येतो, फर्मवेअर टाकता येतं, आणि मजा बघा, एवढं सगळं देऊनही त्या स्विचच्या पोर्टवर झोनिंगचा हक्क त्यातून मिळत नाही. म्हणजे ज्याला फक्त झोनिंग पाहिजे त्याला स्विच सभासदत्व देऊन उपयोग शून्य आणि धोका पूर्ण. आमच्याकडे दुसऱ्या कंपनीच्या टीमला फक्त डब्ल्यूडब्ल्यूएन, बॅकअप टीमला टेपच्या ड्राइव्हचे पोर्ट, आणि स्विच कोणालाच नाही, ते आमच्याकडेच.

युजर बनवताना रोल आणि डोमेनची यादी दोन्ही द्यायची, आणि होम डोमेन पण, म्हणजे लॉगिन झाल्यावर तो थेट कुठे उतरणार ते. झोन अ‍ॅडमिन रोल आणि एकच डोमेन ही जोडी मला सगळ्यात आवडली. त्या माणसाला त्याच्या हद्दीत झोन बनवता येतात, बाकी काही करता येत नाही, आणि ऑडिट लॉगमध्ये युजर, रोल आणि कुठल्या एडीतून केलं ते सगळं नोंदलं जातं. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्ट-इनने (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा) लॉग १८० दिवस ठेवायला सांगितल्यापासून आमचे ऑडिटर दर वेळी हेच मागतात, कोणी काय केलं ते दाखवा, आता सिसलॉग सर्व्हरवरून काढून देते, वाद मिटला.

आता सगळ्यात जास्त मार्क जिथे देईन ती गोष्ट. टेप लायब्ररी.

आमची टेप लायब्ररी एक आणि ती दोन कंपन्यांना वापरायची. व्हर्च्युअल फॅब्रिकमध्ये ही डोकेदुखी आहे, कारण लॉजिकल स्विच वेगळे केले की ती खरोखर वेगळी फॅब्रिक होतात, मग एका बाजूचं डिव्हाइस दुसऱ्या बाजूला दाखवायला फायबर चॅनल राउटिंग आणावं लागतं, एलसॅन झोन बनवावे लागतात, लायसन्सचा विषय निघतो. अ‍ॅडमिन डोमेनमध्ये फक्त ड्राइव्हचे पोर्ट एडी १ मध्ये पण टाकले आणि एडी २ मध्ये पण, संपलं. दोघांनी आपापल्या हद्दीत आपापल्या मीडिया सर्व्हरबरोबर (टेपवर बॅकअप लिहिणारे सर्व्हर) झोन केले, आणि या कंपनीच्या माणसाला त्या कंपनीचा मीडिया सर्व्हर दिसत पण नाही. बॅकअप सांभाळणाऱ्या आमच्या मॅडमना आधी प्रत्येक नव्या सर्व्हरसाठी मला मेल टाकून थांबावं लागायचं, आता त्या स्वतः झोन करतात आणि शुक्रवारी फुल बॅकअप लावून ठाण्याची गाडी पकडतात. मला त्यांचा मेल येत नाही याचा जेवढा आनंद आहे तेवढाच त्यांना पण असणार.

एवढं कौतुक केलं, आता जे नाही ते पण तितकंच स्पष्ट सांगते.

खाली फॅब्रिक एकच आहे. सोसायटीत ए विंगची कमिटी वेगळी, बी विंगची वेगळी, पण गच्चीवरची पाण्याची टाकी एकच असेल तर टाकी रिकामी झाली की दोन्ही विंगचे नळ कोरडे, तसंच हे. स्विचना एकमेकांशी जोडणाऱ्या लिंक, म्हणजे आयएसएल, सगळ्या डोमेनच्या सामाईक, नेम सर्व्हर एकच, प्रिन्सिपल स्विच एकच, डोमेन आयडी पण सगळ्यांचे तेच. एका कंपनीचा एखादा हळू डिव्हाइस आयएसएलवर फ्रेम अडवून बसला तर दुसऱ्या कंपनीचा डेटाबेस पण रांगेत उभा राहणार, अ‍ॅडमिन डोमेन त्यात काहीही करत नाही. फर्मवेअर पण अख्ख्या स्विचचं एकदम होतं, त्याची तारीख सगळ्यांनी मिळून ठरवायची. दुसऱ्या कंपनीच्या मॅनेजर साहेबांना हे समजावताना मला जास्त वेळ लागला, त्यांचं म्हणणं, "डोमेन वेगळं दिलंय ना तुम्ही, मग आमचा डाउनटाइम पण वेगळा पाहिजे." तसं होत नाही सर. त्यासाठी व्हर्च्युअल फॅब्रिक, जिथे १ ते १२८ मधला फॅब्रिक आयडी देऊन लॉजिकल स्विच वेगळा होतो आणि त्याचं फॅब्रिक खरोखर वेगळं चालतं (फर्मवेअर मात्र तिथेही अख्ख्या स्विचचं एकदमच), किंवा मग सिस्को एमडीएस घेऊन व्हीसॅन करा. व्हीसॅनची विचारसरणी मुळात वेगळी आहे, तिथे आधी फॅब्रिक वेगळं होतं आणि मग माणूस, इथे फक्त माणूस. दोन्ही बाजूंना काम केलेलं आहे म्हणून सांगते, दोघांत चांगलं-वाईट नाही, गरज काय ते बघा.

वेब टूल्सबद्दल, म्हणजे ब्राउझरमधून स्विच चालवायच्या स्क्रीनबद्दल, जास्त लिहीत नाही. जावावर चालतं, आजच्या ब्राउझरमध्ये ते उघडायलाच अर्धी ताकद जाते, आम्ही एक जुनी व्हीएम त्यासाठी ठेवलीय आणि तीही क्वचित उघडतो. हे फीचर कमांड लाइनवरच वापरायचं.

कॉन्फिगचा बॅकअप घेताना एडी २५५ मध्ये जाऊनच अपलोड मारा. एखाद्या साध्या डोमेनमधून घेतला तर फक्त त्याच डोमेनचं झोनिंग येतं, आणि ते तुम्हाला नेमकं कळणार ज्या दिवशी परत चढवायची वेळ येईल त्या दिवशी. आमच्या स्क्रिप्टमध्ये तसं पक्कं लिहून ठेवलंय आणि स्क्रिप्ट शेवटी फाइलमध्ये सगळ्या डोमेनचं नाव आहे का ते पण तपासते. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट जाण्याचा काही भरवसा नसतो, यूपीएस आणि डीजी आहे तरी, त्यामुळे जूनच्या आधी मी ती फाइल हाताने उघडून एकदा बघतेच.

एडी व्हॅलिडेट पण अधूनमधून मारत जा. कोणीतरी एचबीए बदलतो, जुना डब्ल्यूडब्ल्यूएन डोमेनमध्ये तसाच राहतो, नवा आपोआप एडी ० मध्ये जाऊन पडतो आणि मग सर्व्हरवाला विचारतो, ल्यून का दिसत नाही. व्हॅलिडेट अशी नावं काढून दाखवतं जी यादीत आहेत पण फॅब्रिकमध्ये नाहीत. एचबीए बदलण्याच्या चेकलिस्टमध्ये आम्ही हे टाकलंय, झोनच्या आधी डोमेन.

आता विकत घ्यायचा सल्ला कोणी विचारत असेल तर. नवीन काही घेत असाल तर अ‍ॅडमिन डोमेन डोक्यात धरून घेऊच नका. ब्रोकेडने, म्हणजे २०१७ पासून ब्रॉडकॉमने, हे फीचर पुढच्या फॅब्रिक ओएसमधून काढून टाकलंय, नव्या स्विचवर व्हर्च्युअल फॅब्रिकच वापरायचं आहे. ब्रोकेड ३०० किंवा ५१०० सारखी ८ जीबीची मशीन मात्र फॅब्रिक ओएस ७.४ च्या पुढे जातच नाहीत, आणि ७.४ मध्ये अ‍ॅडमिन डोमेन व्यवस्थित चालतं, त्यामुळे ज्यांना अजून हीच हार्डवेअर ओढायची आहे त्यांच्यासाठी मी बिनधास्त चालू करा म्हणेन. माझ्याकडून ५ पैकी ४, एक मार्क एडी ० च्या त्या आपोआपच्या भानगडीसाठी कापला, कारण त्याची सूचना अप्लाय करतानाच स्क्रीनवर ठळक यायला हवी होती.

पुढे-मागे स्विच बदलताना यातून बाहेर पडायचं कसं, हे पण विचारतात. येतं बाहेर, आणि चालू आयओ न थांबवता येतं, फक्त उलटा क्रम धरायचा. ज्या डोमेनमध्ये इफेक्टिव्ह झोन कॉन्फिग चालू आहे ते डोमेन डीअ‍ॅक्टिव्हेट होत नाही, तो नकार देतो, आणि बरंच आहे. म्हणून आधी सगळ्या डोमेनची डिव्हाइस नाव घेऊन एडी ० मध्ये टाका आणि अप्लाय करा, मग झोन कॉपी वापरून प्रत्येक डोमेनचे झोन एडी ० मध्ये आणा, इथे दोन डोमेनमध्ये एकाच नावाचे झोन असतील तर कॉपी करतानाच नवं नाव द्या. ते झोन एडी ० च्या कॉन्फिगमध्ये घालून एनेबल करा, पाथ तपासा, आणि मग एकेका डोमेनचं झोनिंग बंद करून डोमेन काढत जा. सगळी गेली की एडी शो मारून फक्त ० आणि २५५ उरलेत ना ते बघा, आणि पहिला ताजा कॉन्फिग अपलोड तेव्हाच घ्या, आधीच्या फायली आता या स्विचवर चढवायच्या नाहीत.